हिरव्या तारेला अर्थिंग

आमच्या घरी पोटाच्या डॉक्टरांचा टीव्ही आहे असं सांगितलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात, मग यांच्याकडे, आणि मग हळूच विचारतात की कोणाला काय झालंय. पोटाला कोणाला काही झालेलं नाही. वाशिमच्या एका दवाखान्यात दुर्बीण घालून पोटाच्या आत काय चाललंय ते ज्या पडद्यावर बघायचे, तो पडदा आता आमच्या बैठकीत गव्हाच्या कोठीशेजारी बसलाय. जुन्या टीव्हीसारखा मागे फुगलेला, उचलायला दोन माणसं लागतात असा. त्यावर आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी विमानं पाडतो. पन्नाशी उलटलेल्या, तूर-सोयाबीन करणाऱ्या बाईला हे सांगताना लाज वाटायला पाहिजे, पण मला नाही वाटत.

माझं लग्न झालं तेव्हा यांचं आमच्या वाशिमकडच्या मालेगावला बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कपाटाएवढे लाकडी डबे, त्यात पडदा, खाली डाव्या हाताला दांडी आणि उजव्या हाताला बटणं. माझ्या माहेरी जावई काय करतात असं कोणी विचारलं की वडील घसा खाकरून ‘इलेक्ट्रॉनिक्सचं’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. मलाही त्या दुकानाचा राग होता. दिवसभर ती ढिशुम ढिशुम, सुटीच्या दिवशी तर माणूस घरात सापडायचाच नाही. डबा बिघडला की हे स्वतः मागून उघडत आणि माझं काम एकच, बॅटरी धरायची. मी जांभया देत उजेड पाडायची आणि हे तारांना सोल्डरचे डाग देता देता बोलत राहायचे, ही लाल रंगाची तार, ही हिरव्याची, ही निळ्याची, या तिघींतूनच सगळे रंग होतात आणि ही चौथी सिंकची, ती चित्राला जागेवर धरून ठेवते. मी ऐकत नव्हते. पण इतकी वर्षं कानावर पडलेलं कुठं जातं?

पुढे मोबाइल आले, पोरं यायची बंद झाली. यांनी दुकान बंद केलं, डबे वाळवीला गेले, पण आतले खेळांचे तीन चांगले बोर्ड यांनी दांडी-बटणांच्या एका फळीसकट पत्र्याच्या पेटीत घालून घरी आणले. मग शेती एके शेती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. यांनी फक्त दरवर्षी दिवाळीच्या आवरासावरीत पेटी उघडायची, ब्रशनं धूळ झाडायची आणि पुन्हा लावून ठेवायची. मी म्हणायची, देवघरापेक्षा जास्त सेवा होते हो या पेटीची.

तुरीच्या सोंगणीच्या वेळी यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखाना वेळेवर गाठला म्हणून वाचले. जीभ आधी परत आली आणि शिव्यांसकट आली. पाय आला, काठी घेऊन चालण्याइतका. हात मात्र आला नाही. फिजिओच्या मॅडम तरुण, पण बोलायला स्पष्ट. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काकू, हाताला ताकद येऊ शकते. पण तो वापरला पाहिजे. आत्ता नुसता मांडीवर ठेवला, तर नंतर मीसुद्धा फार काही करू शकणार नाही.”

त्यांनी दाबायला एक मऊ रबरी चेंडू दिला. घरी आल्यावर यांनी तो डाव्या हातानं कुंपणाबाहेर फेकला.

“मले काय पोट्टं समजून राह्यली काय?”

“पोट्टं तरी ऐकते,” मी म्हणाले.

मी चेंडू उचलून आणला, यांनी परत फेकला. मग माझंही डोकं फिरलं आणि मी तो चुलीत घालीन म्हणाले. असं आमचं चालायचं. पण भांडणाचं मला काही वाटत नव्हतं. मला वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. कोणी भेटायला आलं की हे उजवा हात शालीखाली घ्यायचे. उन्हाळ्यातसुद्धा. ज्या माणसानं मोहरीएवढ्या जागेवर डाग दिले, त्या माणसाला स्वतःच्या हाताची लाज वाटत होती. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड. मी घास भरवायची, गुंड्या लावायची, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला या सगळ्याची सवय व्हायला लागलीय. तेव्हा मी घाबरले. हा माणूस आता असाच राहणार आणि मी त्याला असंच चालवून घेणार, याची मला खरोखर भीती वाटली.

वाशिमच्या त्याच दवाखान्यात फिजिओची खोली आतल्या बाजूला आहे. बाहेर बाकावर आम्ही नंबर लावून बसायचो. बाकासमोर एक मोठा टीव्ही पाठ करून ठेवलेला, त्याच्यावर फायलींचा ढीग. इतके दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हे आत गेले आणि मला करायला काही नव्हतं म्हणून पाहिलं. मागे गोल गोल सॉकेट होते, पिळून बसवायचे. एकावर इंग्रजी आर, एकावर जी, एकावर बी, म्हणजे लाल, हिरवा, निळा, आणि चौथं सिंकचं. घरातल्या टीव्हीला असलं काही नसतं. ही तीच चार नावं होती जी मी बॅटरी धरून आयुष्यभर ऐकली होती.

आणि तिथंच माझ्या डोक्यात आलं, डाव्या हातात दांडी, उजव्या हाताला बटणं. चेंडू दाबायला लाज वाटते तर वाटू दे. विमान उडवायचं असेल तर उजवा हात शालीबाहेर काढावाच लागेल.

मी सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं की तो बाहेरचा टीव्ही चालतो का.

“चालत होता. नवीन घेतला म्हणून बाहेर काढला. का हो?”

“मी नेऊ का घरी?”

दुर्बिणीच्या तपासणीचा पडदा शेतकऱ्याच्या घरात कशाला, असं त्यांनी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. पण त्यांनी नाही विचारलं. कंपाउंडरला हाक मारली, फायली उतरवल्या आणि ऑटोपर्यंत पोचवून दिला. यंदा नव्या तुरीची डाळ केली तेव्हा पहिली पिशवी त्यांच्या घरी गेली. ते नको नको म्हणाले, पण ठेवून घेतली.

ऑटोत गोधडीत गुंडाळलेला टीव्ही मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. मालेगाव मागे पडल्यावर हे म्हणाले, “हा का म्हणून आणला?” मी म्हटलं, “मले पाहाले.”

माझा धाकटा भाऊ रिठदला असतो. जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरतो, स्टार्टर बसवतो, विहिरीवरच्या पंपाचं काही असो, लोक त्याला बोलावतात. त्याला फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल दारात. मी अंगणातच त्याला सगळं सांगितलं, हाताचं, मॅडम काय म्हणाल्या ते, आणि यांना यातलं काही सांगायचं नाही हेही. तो पेटीतले बोर्ड उलटेपालटे करून बघत होता.

“ताई, हे टीव्हीचं मले काई समजत नाई. पण तार हाये ना? तार असली का जमते आपल्याले.”

पहिल्यांदा एकच बोर्ड लावायचा ठरला. भाऊ टीव्हीमागे, मी बोर्डाजवळ, आणि हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून. मला कोणती तार कुठं जाते ते बऱ्यापैकी माहीत होतं. पण मी मोठ्यानं म्हणाले, “लाल तार निळ्यात टाक रे, काई फरक पडत नाई.”

खाट करकरली.

“निळ्यात कायले टाकतं? डोळे फुटले काय तुमच्या दोघाचे?”

भावानं माझ्याकडे बघून डोळा मारला. मग मी विचारत गेले आणि हे सांगत गेले, पाठ आमच्याकडेच ठेवून. चित्र आलं, पण चुन्यानं पोतारल्यासारखं पांढरं, डोळे दिपतील असं. तेव्हा हे वळले. म्हणाले की हे बोर्ड दुकानातल्या डब्यांसाठी बनवलेले, ते जोरात रंग फेकतात. हा दवाखान्यातला टीव्ही नाजूक कामाचा, त्याला इतकं सोसत नाही. प्रत्येक रंगाच्या तारेत मधे जोर कमी करणारा एक रेझिस्टन्स टाका. रेझिस्टन्स पेढ्याच्या जुन्या डब्यात आहेत, आणि डबा पेटीच्या तळाशी.

डाग द्यायला मी बसले. भावाची बोटं मोटारीच्या जाड तारांची, त्याला ते बारीक काम सुधरेना. माझा पहिला डाग बोटावरच पडला. हे खाटेच्या कडेला सरकले आणि म्हणाले, “तुले दिसते तरी काय? थांब.” डाव्या हातानं बॅटरी उचलून त्यांनी माझ्या हातावर उजेड पाडला. इतक्या वर्षांनी आमची कामं उलटी झाली होती. मी मान वर केली नाही, कारण केली असती तर रडले असते आणि मग डाग पुन्हा चुकला असता.

आता तिन्ही बोर्ड जोडायचे होते. एका खेळाला माणूस विटतो, हे मी दुकानाच्या दिवसांत पाहिलं होतं. एका बोर्डात विमानं, एकात मारामारी, एकात वरून पडणारे रंगीत ठोकळे. मी शेतात गेले तर यांना एकट्यानं खेळ बदलता यायला हवा, आणि टीव्हीमागची पिळाची चार टोकं प्रत्येक वेळी सोडायची-लावायची म्हटलं तर दोन धडधाकट हात पाहिजेत. भावानं सोपा मार्ग काढला. तिन्ही बोर्डांच्या लाल तारा एकत्र पिळल्या, हिरव्या एकत्र, निळ्या एकत्र. चित्र आलं, पण संध्याकाळच्या उजेडासारखं मंद आणि कडांना पुसट.

“असं नाई होत,” हे म्हणाले. “बंद असलेले दोन बोर्ड चालू असलेल्याचा रंग पिऊन घेतात. एका वेळी एकच जोडलेला पाह्यजे.”

भाऊ चहाही न घेता निघून गेला. मला वाटलं रागावला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आला तेव्हा हातात पंपाच्या खोलीत असतो तसला गोल फिरवायचा मोठा स्विच होता, एका लाइनऐवजी दुसरी घ्यायला लावतात तो.

“पाहा भाऊजी. तीन फेज अन् एक न्यूट्रल, असे चार तार एका झटक्यात बदलते हा. तुमचे बी चारच ना? लाल, हिरवा, निळा अन् ते सिंक. तीन घरं हायेत, तीन बोर्ड बसतात.”

यांनी स्विच डाव्या हातात घेऊन फिरवून पाहिला. कट्, कट्, कट्. मग म्हणाले, “साळेबुवा, डोकं हाये रे तुले.” लग्नापासून भावाला हे वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं. त्यानं कानापर्यंत लाल होऊन पाना शोधायला सुरुवात केली.

सगळी दुपार तो ओसरीत बसून काम करत होता. पत्र्याच्या स्टार्टरच्या डब्यात स्विच बसवला, तारा सरळ रेषेत आणल्या, पट्ट्या बांधल्या. इतकं नेटकं काम मी विहिरीवर कधी पाहिलं नव्हतं. वीज आल्यावर आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो आणि भावानं बटण दाबलं.

सगळं गुलाबी. विमान गुलाबी, ढग गुलाबी, समुद्र जांभळा, जंगलाच्या जागी काळं. दुसरा बोर्ड लावला, मारामारी करणारे दोघंही गुलाबी. तिसऱ्यात ठोकळे गुलाबी आणि जांभळे.

“हिरवा कुठी गेला?” हे ओरडले.

“लावला ना भाऊजी. एकदम पक्का लावला.”

“कुठी लावला?”

“अर्थिंगले.”

आमच्याकडे वायरमनच्या हातात हिरवी तार आली की ती कुठं जाते याचा विचारच करावा लागत नाही. लाल एक फेज, पिवळा एक, निळा एक, काळा न्यूट्रल आणि हिरवा जमिनीत. ओल्या शेतात, ओल्या हातांनी मोटार चालू करणाऱ्या माणसांचे जीव त्या हिरव्या तारेनं वाचतात. तोंडानं हिरवा चार तारांत मोजूनही माझ्या भावानं हाताच्या सवयीनं तिन्ही बोर्डांच्या हिरव्या तारा इमानेइतबारे गोळा केल्या होत्या आणि डब्याच्या पत्र्याला स्क्रू मारून घट्ट आवळल्या होत्या. स्विचमधली हिरव्याची जागा मोकळीच राहिलीय हे त्याला खटकलंही नव्हतं. आणि मी बाजूला बसून ते सगळं बघत होते, मलाही नाही खटकलं.

“स्टार्टरच्या डब्यात म्या आजलोक हिरव्याले दुसरीकडं कधी लावलंच नाई, भाऊजी,” भाऊ बारीक आवाजात म्हणाला.

यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. आधी मला वाटलं पुन्हा काही होतंय की काय. पण ते हसत होते. दुखण्यानंतर पहिल्यांदा. आवाज वाकडा, निम्म्याच तोंडातून, पण पोटातून येणारा.

“आख्खा हिरवा रंग जमिनीत गाडला ना बापा यानं! उद्या विहिरीत हिरवं पाणी लागते पाय!”

भाऊही हसायला लागला, मी तर पदर तोंडाला लावून. आणि हसता हसता हे खाटेवरून उठले. काठी न घेता. भिंतीला धरून टीव्हीच्या मागे गेले, वाकून डब्यात डोकं घातलं आणि कोणती तार काढून कोणत्या घरात टाकायची ते बोट दाखवून सांगायला लागले. पुढच्या वेळी बटण दाबलं तेव्हा जंगल हिरवंगार होतं. भाऊ म्हणाला, “आता दिसते आपल्या वावरावानी.” त्याच्या त्या चुकीचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर जमलं असतं तर हे भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले असते, ठीक आहे.

पण एवढ्यानं माझं काम झालं नव्हतं. यांना माझा डाव कळला होता.

संध्याकाळी मी दांडी आणि बटणांची जुनी फळी यांच्यापुढे ठेवली. यांनी डावा हात दांडीवर ठेवला. उजवा शालीखालीच. आणि नुसत्या दांडीवर खेळायला लागले. विमान गोळी मारेना, फक्त चुकवत राहिलं. गोळ्यांच्या पावसातून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. इतके दिवस विसरलेलं काहीच नव्हतं. एकही गोळी न मारता हा माणूस बराच वेळ जगला आणि शेवटी मेला.

“गोळी कोण मारीन?” मी म्हणाले.

“मले गरज नाई.”

“भित्रे कुठले.”

“मंग तू मार.”

मी रागानं यांच्या उजवीकडे बसले आणि बटणावर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. दुकान होतं तेव्हा मी त्या फळीला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. दांडी यांची, बटण माझं. मी भलत्याच वेळी दाबायची, शत्रू निघून गेल्यावर दाबायची, घाबरून डोळे मिटून दाबायची. हे शिव्या द्यायचे. मीही द्यायची. शेवटी दोघंही मरायचो आणि पुन्हा सुरू करायचो. भाकरी टाकायची वेळ निघून जायची.

मग ते रोजचंच झालं. दिवसा मी शेतात असले की हे स्विच फिरवून ठोकळे लावायचे, त्याला दांडी पुरते. संध्याकाळी विमान, दोघांचं. मॅडमना मी खरं सांगितलं, की हात अजून शालीखालीच आहे. त्या म्हणाल्या, “चालू ठेवा.” त्यांच्या आवाजात फार काही आशा मला जाणवली नाही. मीही मनातून सोडून दिल्यासारखीच झाले होते. निदान हसतात, भांडतात, माझ्या शेजारी बसतात, एवढंही पुष्कळ झालं असं स्वतःला सांगायची. आणि ते खोटंही नव्हतं. यांच्या दुकानाचा मी इतकी वर्षं दुस्वास केला, त्याच दुकानानं मला माझा नवरा संध्याकाळपुरता परत दिला होता. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले आहेत, मोठ्यानं, यांच्या देखत.

परवाची गोष्ट. सोयाबीन काढून मी दमून आले होते. बसले तरी डोळे मिटत होते. आम्ही कधी नव्हे इतके पुढे गेलो होतो, पडदाभर शत्रूची विमानं आणि मधे मोठं जहाज. मला काही दिसेना. माझं बोट बटणावर होतं, पण दाबायचं राहून जात होतं.

“दाब ना! दाब! काहून झोपून राह्यली व!”

आणि माझ्या बोटावर काहीतरी पडलं. गार, जड, थोडं थरथरणारं. त्यानं माझं बोट खाली दाबलं, बटण वाजलं, सुटलं, पुन्हा दाबलं. मी खाली पाहिलं. शाल मांडीवरून घसरली होती आणि यांचा अंगठा माझ्या बोटावर होता. यांचं लक्ष पडद्यावरच. माझ्यावर चिडले होते म्हणून हात बाहेर आला होता, आणि आलाय हे यांना माहीतच नव्हतं.

जहाज फुटलं. माझे डोळे वाहत होते.

“आता कायले रडतं? वाचलं ना आपलं विमान,” हे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

मी माझं बोट हळूच खालून काढून घेतलं. बटण पुन्हा वाजलं.